लिनक्सवर क्लाउड सिंक अडला, तर आधी फोल्डरखालची फाइल सिस्टिम तपासा

सिंकचे चिन्ह फिरत राहते, काही फाइली वर जातात, काही जात नाहीत, आणि कधी एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसू लागतात. नवखा वापरकर्ता अशा वेळी आधी इंटरनेट तपासतो आणि मग प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकतो. लिनक्सवर बऱ्याचदा दोष या दोन्हींत नसतो. फाइलचे नाव कसे असावे, किती लांब असावे, तिच्यासोबत कोणती माहिती साठवावी, याबद्दल तुमच्या डिस्कवरच्या फाइल सिस्टिमचे (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) नियम वेगळे असतात आणि क्लाउडचे वेगळे. एका बाजूची गोष्ट दुसऱ्या बाजूला उतरवता आली नाही की सिंक करणारा प्रोग्रॅम थांबतो किंवा स्वतःच्या समजुतीने काहीतरी करून मोकळा होतो. देवनागरीत नावे ठेवणाऱ्यांना यात दोन जास्तीच्या अडचणी येतात, म्हणून नावांचा भाग पुढे सविस्तर दिला आहे.

कमांडविषयी आधी एक सूचना. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

पायरी १: फोल्डर कशावर आहे ते पाहा

डीएफ -टी ~/ड्रॉपबॉक्स

यातला ‘टी’ मोठा, आणि फोल्डरच्या नावातला ‘डी’ही मोठा. दुसरा कोणता प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याच्या फोल्डरचे नाव द्या. उत्तरातल्या दुसऱ्या रकान्यात फाइल सिस्टिमचा प्रकार दिसतो. ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एक्सएफएस ही लिनक्सची स्वतःची नावे. ‘व्हीफॅट’ दिसले तर ती एफएटी३२ आहे. ‘फ्यूजबीएलके’ दिसले तर बहुधा एनटीएफएस डिस्क जुन्या एनटीएफएस-३जी चालकातून (ड्रायव्हरमधून) जोडलेली आहे, आणि ‘एनटीएफएस३’ दिसले तर तीच डिस्क कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) चालकातून जोडलेली आहे (हा चालक २०२१ साली कर्नेल ५.१५ मध्ये आला). ‘सीआयएफएस’ किंवा ‘एनएफएस’ म्हणजे फोल्डर दुसऱ्याच मशीनवर आहे.

त्यानंतर ही फाइल सिस्टिम फाइलला जास्तीची माहिती चिकटवू देते का, ते पाहा. या माहितीला एक्सटेंडेड ॲट्रिब्यूट म्हणतात आणि काही सिंक प्रोग्रॅम आपल्या खुणा त्यात ठेवतात. उबुंटू किंवा डेबियनवर ‘एटीटीआर’ नावाचे पॅकेज टाका आणि त्या फोल्डरमध्ये जाऊन या तीन कमांड द्या:

टच नमुना
सेटएफएटीटीआर -एन युझर.टेस्ट -व्ही १ नमुना
गेटएफएटीटीआर -डी नमुना

तिसऱ्या कमांडने ‘युझर.टेस्ट’ ही ओळ दाखवली तर सोय आहे. ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ असे आले तर नाही. एक्सफॅट आणि एफएटी३२ वर हेच उत्तर येते.

पायरी २: ड्रॉपबॉक्सला कोणती फाइल सिस्टिम चालते

ऑगस्ट २०१८ मध्ये ड्रॉपबॉक्सने जाहीर केले की ७ नोव्हेंबर २०१८ पासून लिनक्सवर फक्त ईएक्सटी४ वरचे फोल्डर सिंक होतील. कारण म्हणून एक्सटेंडेड ॲट्रिब्यूटचे नाव पुढे केले गेले. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या दोघांतही ती सोय त्या वेळी होती, तरी त्यांना वगळले गेले. यातून घ्यायची नोंद अशी की प्रोग्रॅम फाइल सिस्टिमचा प्रकारही पाहतो, म्हणून वरची चाचणी पार झाली तरी ड्रॉपबॉक्स ते फोल्डर स्वीकारेलच असे नाही. २०१९ मध्ये आणखी चार प्रकार यादीत परत आले: झेडएफएस, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि ईएक्सटी४ वर बसवलेली ईक्रिप्टएफएस. यांपैकी झेडएफएस आणि एक्सएफएस फक्त ६४ बिट सिस्टिमवर चालतात.

म्हणजे उबुंटूवर ईएक्सटी४ असो, २०२० च्या फेडोरा ३३ पासून डेस्कटॉपवर येणारी बीटीआरएफएस असो किंवा रेड हॅटची एक्सएफएस असो, नेहमीच्या इन्स्टॉलेशनला आज अडचण नाही. जुनी उत्तरे वाचून ईएक्सटी४ साठी डिस्क पुन्हा फॉरमॅट करायला निघू नका. अडचण उरते ती एफ२एफएस, एनटीएफएस, एक्सफॅट, नेटवर्कवरचे फोल्डर आणि जीओक्रिप्टएफएससारखे फोल्डरच्या पातळीवरचे एन्क्रिप्शन यांची.

एन्क्रिप्शनबद्दल इथे गोंधळ होतो. इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडला असेल तर तो एलयूकेएस वापरतो. एलयूकेएस फाइल सिस्टिमच्या खालच्या थरात बसते. वर ईएक्सटी४ जशीच्या तशी असते आणि सिंक प्रोग्रॅमला तेवढीच दिसते. त्यामुळे एलयूकेएस असण्याने काही बिघडत नाही. ईक्रिप्टएफएसचे मात्र तसे नाही. ती फाइलची नावेसुद्धा एन्क्रिप्ट करते, त्यामुळे नावाची लांबी कमी होते. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये ‘होम फोल्डर एन्क्रिप्ट करा’ हा पर्याय होता, तो १८.०४ या आवृत्तीत काढून टाकला गेला. त्याआधीपासून अपग्रेड करत आलेल्या मशीनवर ती अजून असू शकते.

पायरी ३: फाइल सिस्टिम चालत नसेल तर ईएक्सटी४ ची इमेज

वेगळे पार्टिशन काढता येत असेल तर तेच करा, ते सर्वांत सरळ आहे. येत नसेल तर एका मोठ्या फाइलच्या आत ईएक्सटी४ तयार करून ती जोडता येते. एफ२एफएस असलेल्या लॅपटॉपवर हा मार्ग चांगला चालतो. ५० जीबीचे उदाहरण घेऊ.

आधी ‘ड्रॉपबॉक्स स्टॉप’ देऊन प्रोग्रॅम थांबवा. मग:

फॅलोकेट -एल ५०जी ~/सिंक.आयएमजी
एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम ० ~/सिंक.आयएमजी
एमकेडीआयआर ~/क्लाउड
सुडो माउंट -ओ लूप ~/सिंक.आयएमजी ~/क्लाउड
सुडो सीएचओडब्ल्यूएन तुमचे-युझरनेम: ~/क्लाउड

‘५०जी’ मधला ‘जी’ मोठा. पहिली कमांड जागा खरोखर राखून ठेवते. ‘ट्रंकेट’ वापरून पोकळ फाइलही बनवता येते, पण मग मूळ डिस्क भरली की आतल्या ईएक्सटी४ ला ते कळत नाही आणि लिहिताना चुका येऊ लागतात. म्हणून राखीव जागाच बरी. दुसऱ्या कमांडमधले ‘-एम ०’ महत्त्वाचे आहे. ते दिले नाही तर ईएक्सटी४ रूट (सर्व अधिकार असलेल्या) वापरकर्त्यासाठी ५ टक्के जागा बाजूला ठेवते, म्हणजे इथे अडीच जीबी. ही ब्लॉक डिव्हाइस नाही, पुढे जाऊ का, असे विचारले तर ‘वाय’ द्या.

इमेज थेट ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरवर माउंट करू (जोडू) नका. नव्या ईएक्सटी४ च्या मुळाशी ‘लॉस्ट+फाउंड’ नावाचे फोल्डर असते. ते रूटच्या मालकीचे असते आणि इतरांना उघडता येत नाही. ते सिंकच्या फोल्डरमध्ये आले की ‘परवानगी नाही’ ही तक्रार कायमची मागे लागते. वरच्याप्रमाणे ‘क्लाउड’ या फोल्डरवर माउंट करा, ड्रॉपबॉक्स सुरू करा आणि त्याच्या सेटिंगमधल्या सिंकच्या पानावर फोल्डरची नवी जागा म्हणून ‘क्लाउड’ निवडा. प्रोग्रॅम त्याच्या आत स्वतःचे फोल्डर बनवतो आणि जुन्या फाइली तिकडे हलवतो. मूळ फोल्डर कुठल्याही कारणाने हलवता येत नसेल तर खाते काढून नव्या जागी पुन्हा जोडा. सगळे पुन्हा उतरवावे लागते, म्हणून तोवर जुने फोल्डर दुसऱ्या नावाने जपून ठेवा.

मशीन सुरू होताना इमेज आपोआप जोडली जावी म्हणून /ईटीसी/एफएसटॅब या फाइलच्या शेवटी ही ओळ लिहा:

/होम/तुमचे-युझरनेम/सिंक.आयएमजी /होम/तुमचे-युझरनेम/क्लाउड ईएक्सटी४ लूप,नोफेल ० ०

या फाइलमध्ये ~ हे चिन्ह चालत नाही, पूर्ण पत्ता लागतो. लिहून झाल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. आधी ‘सुडो यूमाउंट ~/क्लाउड’ आणि मग ‘सुडो माउंट -ए’ देऊन पाहा (‘यूमाउंट’ मध्ये यू नंतर थेट एम येतो). चूक असेल तर इथेच कळते. ‘नोफेल’ असल्याने इमेज सापडली नाही तरी मशीन सुरू होताना अडकत नाही.

पुढे जागा कमी पडली तर यूमाउंट करा, ‘फॅलोकेट -एल ७०जी’ ने फाइल ७० जीबीपर्यंत वाढवा, ‘ई२एफएससीके -एफ’ ने तपासणी करा आणि ‘रीसाइझ२एफएस’ ने आतली फाइल सिस्टिम नव्या आकाराएवढी करा. हाच क्रम ठेवा. तपासणी झाल्याशिवाय शेवटची कमांड पुढे जात नाही.

मूळ डिस्क बीटीआरएफएस असेल आणि तिथे इमेज ठेवायची असेल, तर आधी रिकामे फोल्डर बनवून त्याला ‘सीएचएटीटीआर +सी’ (सी मोठा) द्या आणि इमेज त्यातच तयार करा. नाहीतर बीटीआरएफएस प्रत्येक बदल नव्या जागी लिहीत जाते आणि इमेजचे हजारो तुकडे होतात.

पायरी ४: विंडोजसोबत वाटलेली डिस्क

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर ‘सिंकचे फोल्डर एनटीएफएसवर ठेवू आणि दोन्हीकडून तेच वापरू’ हा विचार सर्वांना सुचतो. तो करू नका. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या फोल्डरची नोंदवही वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवतो. विंडोजमध्ये तुम्ही ३०० फाइली हलवल्या, मग लिनक्स सुरू केले, की लिनक्सच्या नोंदवहीच्या दृष्टीने त्या ३०० फाइली पुसल्या गेलेल्या असतात आणि दुसरीकडे ३०० नव्या आलेल्या असतात. त्यातून जुन्या प्रती परत येणे, संघर्षाच्या प्रती (दोन बाजूंचे बदल जुळले नाहीत की बनणाऱ्या जास्तीच्या फाइली) साचणे असे प्रकार सुरू होतात. दोन्ही सिस्टिमला स्वतंत्र फोल्डर द्या, जागा दुप्पट गेली तरी चालेल.

एनटीएफएस डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचता येते आहे, लिहिता येत नाही, असे झाले तर कारण बहुतेक वेळा विंडोजचे फास्ट स्टार्टअप असते. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, डिस्क अर्धवट उघडी राहते आणि लिनक्सचा चालक तिच्यावर लिहायला नकार देतो. विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या आणि नीट शटडाउन करा. लिनक्समधून जबरदस्तीने माउंट करण्याचे पर्याय आहेत, पण त्यात आतला डेटा खराब होऊ शकतो.

एक्सफॅट आणि एफएटी३२ वर लिनक्सच्या परवानग्या राहत नाहीत आणि सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) बनत नाही. एफएटी३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे लग्नाचा लांबलचक व्हिडिओ क्लाउडवरून उतरताना नेमका तिथे अडतो. शिवाय एफएटी३२ फाइल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत साठवते. क्लाउडवर वेळ ११ सेकंद असेल तर डिस्कवर ती १० होते, प्रोग्रॅमला फाइल बदलल्यासारखी वाटते आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा चढते. आरक्लोन (कमांडने क्लाउडशी फाइली जुळवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर ‘--मॉडिफाय-विंडो २एस’ हा पर्याय द्या, म्हणजे दोन सेकंदांपर्यंतचा फरक तो सोडून देतो. आरसिंक या फाइली जुळवणाऱ्या साधनात हाच पर्याय ‘--मॉडिफाय-विंडो=२’ असा लिहितात.

पायरी ५: नावे, आणि देवनागरी नावांच्या दोन अडचणी

लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये एका नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ती २५५ अक्षरचिन्हे आहे. इंग्रजीत दोन्ही सारखेच, कारण इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र ३ बाइट लागतात, म्हणजे लिनक्सवर एका नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हे बसतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘महाराष्ट्र’ डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द आहे, पण संगणकासाठी ती १० चिन्हे आणि ३० बाइट आहेत. सरकारी कार्यालयातल्या विंडोज मशीनवर अख्खा विषयच फाइलचे नाव म्हणून लिहिण्याची पद्धत असते. असे १०० चिन्हांचे नाव वनड्राइव्हवर सुखाने राहते आणि लिनक्सवर उतरताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून थांबते. फाइल छोटी, इंटरनेट चालू, डिस्क रिकामी, तरीही ती उतरत नाही, असे दिसले की आधी नाव मोजा:

इको -एन "फाइलचे नाव" | डब्ल्यूसी -सी

हा आकडा बाइटचा आहे. तो २५५ च्या आत हवा, पण काठावर थांबू नका. फाइल उतरताना अनेक प्रोग्रॅम तिला तात्पुरते शेपूट जोडतात आणि संघर्षाची प्रत करताना नावात तारीखही घालतात. साधारण ६० चिन्हांपर्यंत, म्हणजे १८० बाइटच्या आत नाव ठेवले की यासाठी पुरेशी जागा राहते. ईक्रिप्टएफएसवर तर मर्यादाच १४३ बाइटची आहे, म्हणजे फक्त ४७ देवनागरी चिन्हे. तिथे मराठी नावे फार लवकर अडतात. जीमेलमधून आलेल्या जोडपत्रांची नावे आहेत तशी ठेवण्याची सवय असेल, तर ती तिथे सोडावी लागेल.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’ किंवा ‘कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक’ या नावांमधला ‘ऱ्या’ संगणकात तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. पहिला प्रकार म्हणजे ‘ऱ’ हे एकच चिन्ह, युनिकोडमध्ये क्रमांक ०९३१. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबले की हेच येते. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे असतात. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर नावे अशी फोडून साठवली जात, म्हणून तिथून आलेल्या फाइलींत हा प्रकार सापडतो. तिसऱ्यात ‘र’, हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. काही जुन्या टायपिंग साधनांतून हा येतो. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. ईएक्सटी४ फक्त बाइट बघते, म्हणून तिच्या लेखी या तीन वेगळ्या फाइली आहेत. मग क्लाउडवर एक, लिनक्सवर दोन, आणि कुठली ताजी आहे ते कोणालाच ओळखता येत नाही, अशी स्थिती होते.

फरक ओळखण्यासाठी ही कमांड वापरा (‘एलसी’ आणि ‘ऑल’ मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर; बरोबरच्या चिन्हानंतरचा ‘सी’ही मोठा):

एलसी_ऑल=सी एलएस -बी

आता नावे आकड्यांत दिसतील. ३४० २४४ २६१ ही जुळणी म्हणजे एकसंध ‘ऱ’. ३४० २४४ २६० आणि लगेच ३४० २४४ २७४ म्हणजे ‘र’ आणि नुक्ता. ३४२ २०० २१५ दिसले तर आत अदृश्य जोडचिन्ह आहे.

दुसऱ्या प्रकाराची नावे पहिल्यात आणण्यासाठी कॉनव्हीएमव्ही नावाचे छोटे साधन आहे (सी, ओ, एन, व्ही, एम, व्ही):

कॉनव्हीएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी फोल्डर

एवढ्याने ते फक्त काय बदलेल ते दाखवते. यादी वाचा, पटली तर त्याच कमांडला ‘--नोटेस्ट’ जोडा. हे करताना सिंक थांबवलेले असू द्या आणि नाव-बदल एकाच मशीनवर करा. दोन मशीनवर एकाच वेळी केला तर दोन्हीकडून ‘जुनी पुसली, नवी आली’ असे संदेश जातात आणि प्रती वाढतात. तिसरा प्रकार मात्र या साधनाने सुटत नाही, कारण अदृश्य जोडचिन्ह हे युनिकोडच्या दृष्टीने वेगळेच चिन्ह आहे. तिथे नाव हातानेच बदलावे लागते. अशा फाइली शोधण्यासाठी:

फाइंड . -नेम $'*\यू२००डी*'

आरक्लोन नावे जुळवताना पहिला आणि दुसरा प्रकार एकच धरतो, ही त्याची चांगली बाजू. तरीही मूळ फाइली एकसारख्या करून ठेवा, कारण तेच फोल्डर उद्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे द्यावे लागू शकते.

इंग्रजी नावांमध्ये अडचण लहान-मोठ्या अक्षरांची असते. लिनक्सला ‘रिपोर्ट’ मोठ्या आर ने आणि लहान आर ने या दोन फाइली वाटतात. वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सला ती एकच वाटते. ड्रॉपबॉक्स अशा वेळी एका फाइलच्या नावाला ‘केस कॉन्फ्लिक्ट’ असे जोडतो. अशा जोड्या आधीच शोधून ठेवा:

फाइंड . | सॉर्ट -एफ | युनिक -डीआय

शेवटच्या कमांडची अक्षरे यू, एन, आय, क्यू अशी आहेत.

लिनक्सवर नावात फक्त तिरकी रेघ आणि शून्य बाइट चालत नाहीत, बाकी सगळे चालते. वनड्राइव्हला तारा, विसर्ग-चिन्हासारखा कोलन, प्रश्नचिन्ह, उभी रेघ, दुहेरी अवतरण, उलटी तिरकी रेघ आणि कोनी कंस चालत नाहीत. नावाच्या शेवटी रिकामी जागा किंवा टिंब असेल तर विंडोजवर अडचण येते, आणि ‘सीओएन’, ‘एनयूएल’, ‘एयूएक्स’ अशी काही नावे विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत. वेळ लिहिलेल्या रेकॉर्डिंगच्या फाइलींत कोलन हमखास सापडतो. शोधण्यासाठी:

फाइंड . -नेम '*[<>:"|?*\\]*'
फाइंड . -नेम '*[. ]'

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात एकटे टिंब आले तर सोडून द्या, ते चालू फोल्डरचे नाव आहे. आरक्लोन अशी चिन्हे न चालणाऱ्या क्लाउडवर चढवताना त्यांच्या जागी तशीच दिसणारी रुंद चिन्हे घालतो आणि परत उतरवताना मूळ चिन्हे आणतो. तुम्ही कायम आरक्लोनच वापरणार असाल तर ठीक. ऑफिसमधले दुसरे कोणी ब्राउझरमधून तीच फाइल शोधत असेल तर त्यांना साधा कोलन टाइप करून ती सापडणार नाही.

गूगल ड्राइव्हचे नियम उलट्या दिशेने त्रास देतात. लिनक्ससाठी त्याचा अधिकृत सिंक प्रोग्रॅम नाही, म्हणून बहुतेक जण आरक्लोन वापरतात. ड्राइव्हमध्ये फाइलची ओळख नावाने नसून क्रमांकाने होते, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकतात. लिनक्सवर ते अशक्य आहे. आरक्लोन त्यातली एक सोडून देतो आणि लॉगमध्ये ‘डुप्लिकेट ऑब्जेक्ट’ असे लिहितो. ‘आरक्लोन डीड्यूप --ड्राय-रन’ ने अशा फाइली पाहून घ्या, मग ‘आरक्लोन डीड्यूप रीनेम’ ने त्यांना वेगळी नावे द्या. ड्राइव्हमध्ये तिरकी रेघही नावात चालते, म्हणून ‘पावती १२/०४’ अशी नावे सर्रास असतात. उतरल्यावर त्यात रुंद तिरकी रेघ दिसली तर घाबरू नका. नव्या फाइलींना मात्र तारीख २०२५-०४-१२ अशी आडव्या रेघांनी लिहा. नावाप्रमाणे लावल्यावर क्रमही बरोबर लागतो.

पायरी ६: बदल लक्षातच येत नसेल तर

फाइल सेव्ह केली, पण प्रोग्रॅमला पत्ता नाही. बंद करून उघडला की मग चढते. इथे बहुधा आयनोटिफायची मर्यादा संपलेली असते. कर्नेल प्रत्येक फोल्डरवर एक पहारा ठेवतो आणि उपफोल्डरचा पहारा वेगळा मोजतो. जुन्या कर्नेलवर एका वापरकर्त्याला असे फक्त ८१९२ पहारे मिळत. कर्नेल ५.११ पासून ही संख्या रॅमनुसार ठरते. तुमच्याकडे किती आहे ते असे पाहा:

कॅट /प्रॉक/सिस/एफएस/आयनोटिफाय/मॅक्स_युझर_वॉचेस

कमी असेल तर /ईटीसी/सिसटीएल.डी या फोल्डरमध्ये ‘९०-सिंक.कॉन्फ’ नावाची फाइल बनवून त्यात ‘एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युझर_वॉचेस=५२४२८८’ लिहा आणि ‘सुडो सिसटीएल --सिस्टम’ द्या. एका पहाऱ्याला साधारण एक किलोबाइट मेमरी लागते, तीही वापरात असेल तेव्हाच.

नेटवर्कवरच्या फोल्डरला हा उपाय लागू नाही. दुसऱ्या मशीनने केलेला बदल तुमच्या कर्नेलला कळतच नाही. तिथे सिंक प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालवा किंवा ठरावीक वेळाने आरक्लोन चालेल अशी व्यवस्था करा.

पायरी ७: डिस्क जोडलेली नसताना होणारे नुकसान

या लेखातला सर्वांत गंभीर धोका हा आहे. सिंकचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर किंवा इमेजमध्ये आहे, आणि एखाद्या दिवशी ती माउंटच झाली नाही. माउंट होण्याची जागा हे एक रिकामे फोल्डर असतेच. प्रोग्रॅमला ते रिकामे दिसते, वापरकर्त्याने सगळे पुसले असे तो समजतो आणि क्लाउडवरच्या फाइली पुसायला लागतो. काही प्रोग्रॅम आधी विचारतात, पण त्यावर विसंबून राहू नका.

उपाय सोपा आहे. डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला कुलूप लावा:

सुडो सीएचएटीटीआर +आय ~/क्लाउड

आता डिस्क जोडलेली नसताना तिथे कोणीच काही लिहू शकत नाही, आणि जोडल्यावर नेहमीप्रमाणे चालते, कारण तेव्हा वरची फाइल सिस्टिम दिसते. याने रिकाम्या जागेत चुकून फाइली उतरणे थांबते. पुसणे थांबवण्यासाठी मात्र प्रोग्रॅममध्येही सोय करावी लागते. लिनक्ससाठीच्या मुक्त वनड्राइव्ह क्लायंटमध्ये ‘चेक_नोमाउंट’ हा पर्याय ‘ट्रू’ करा आणि डिस्क काढलेली असताना, कुलूप लावण्याआधी, त्या फोल्डरमध्ये ‘.नोसिंक’ नावाची रिकामी फाइल ठेवा. ती दिसली की क्लायंट काम थांबवतो. याच क्लायंटमध्ये ‘क्लासिफाय_ॲज_बिग_डिलीट’ ही मर्यादाही आहे. ती मुळात १००० फाइलींची आहे. तुमच्याकडे एकूणच ८०० फाइली असतील तर तिचा उपयोग नाही, ती ५० वर आणा. आरक्लोनला ‘--मॅक्स-डिलीट ५०’ द्या, आणि ‘--बॅकअप-डीआयआर’ ने पुसलेल्या व बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असे करा.

पायरी ८: काय सिंक करू नये आणि पहिली फेरी कशी घ्यावी

गिटची रिपॉझिटरी, थंडरबर्डचे प्रोफाइल, व्हर्च्युअल मशीनची डिस्क आणि चालू डेटाबेस सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. यांच्या अनेक फाइली एकाच क्षणी परस्परांशी जुळलेल्या असाव्या लागतात आणि सिंक त्या एकेक करून चढवतो. मध्येच दुसऱ्या मशीनने त्या उघडल्या की बिघाड ठरलेला. परवानग्या आणि लिंक जपायच्या असतील तर ‘टार’ने एक गठ्ठा करून तो चढवा. सिम्बॉलिक लिंकच्या बाबतीत ड्रॉपबॉक्स फोल्डरबाहेरच्या लिंकमागचा मजकूर चढवत नाही, फक्त लिंक चढवतो. आरक्लोन लिंक सोडून देतो. त्यामागची फाइल हवी असेल तर ‘--कॉपी-लिंक्स’ लागते.

पहिल्या फेरीत कधीही थेट ‘सिंक’ चालवू नका. आरक्लोनमध्ये ‘सिंक’ म्हणजे दुसरी बाजू पहिलीसारखी करणे, त्यात जास्तीच्या फाइली पुसल्या जातात. आधी ‘आरक्लोन कॉपी --ड्राय-रन’ चालवा, यादी वाचा, मग ड्राय-रन काढून चालवा. वनड्राइव्ह क्लायंटलाही ‘--सिंक --ड्राय-रन’ देता येते. दोन्ही बाजूंनी बदल हवे असतील तर ‘आरक्लोन बायसिंक’ आहे. त्याला पहिल्या वेळी ‘--रीसिंक’ द्यावे लागते, आणि ते फक्त पहिल्याच वेळी. रोज आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये ते राहून गेले, तर एका बाजूला पुसलेल्या फाइली प्रत्येक फेरीत दुसऱ्या बाजूने परत येत राहतात.